पंधराचा डबा : पंधरा लिटर की पंधरा किलो? तेल आणि पाण्याच्या घनतेविषयी

शेवंती

गेल्या आठवड्यात आमच्याकडे दिवाळीच्या फराळासाठी शेंगदाणा तेलाचा डबा आणला. दुकानात "पंधराचा डबा द्या" असे सांगितले आणि त्यांनीही "हा घ्या पंधराचा" म्हणून तो दिला. घरी जुना तागडीचा काटा आहे, त्यावर सहज डबा चढवला. रिकाम्या डब्याचे वजन वजा केल्यावर तेल चौदा किलोसुद्धा भरेना. दुकानदाराला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "ताई, डबा लिटरचा आहे, वजन कमीच येणार." डब्यावर पाहिले, तर मोठ्या अक्षरांत १५ लिटर आणि त्याखाली बारीक अक्षरांत १३.६५ किलो असे छापलेले होते, त्यामुळे फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. परंतु आमच्या घरी वर्षानुवर्षे पंधराचा डबा म्हणजे पंधरा किलोच अशी समजूत होती, आणि दुकानदारानेही विकताना खुलासा केला नाही, याचे वाईट वाटले.

नातू नववीत आहे. त्याने लगेच "आजी, घनता!" असे उत्तर दिले, पण पुढे मी विचारलेल्या प्रश्नांवर तो अडला. तेल हाताला पाण्यापेक्षा जाड लागते, बोटाला चिकटते, हळू ओतले जाते; मग ते पाण्यापेक्षा हलके कसे? सगळीच तेले पाण्यावर तरंगतात का? आणि तरंगते म्हणून ते मिसळत नाही, की मिसळत नाही म्हणून ते तरंगते? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

लाकडी_घाणा

शेवंतीताई, आमचा तेलाचाच व्यवसाय आहे, म्हणून पहिल्या भागापुरते लिहितो. घाण्यावर आम्ही तेल किलोनेच विकतो, कारण शेंगदाणा किलोने घेतो, पेंड किलोने विकतो, आणि उतारा किती पडला हे वजनावरच कळते. पिशवीबंद आणि डबाबंद तेलाचा व्यवहार मात्र बहुतेक लिटरवर चालतो. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरते. पंधरा लिटरला हिशेब केला की १३ किलो ६५० ग्रॅम होतात, म्हणजे तुमच्या डब्यावरचा आकडा बरोबर आहे. उलट बाजूने पाहिले तर पंधरा किलो तेलाला सुमारे साडेसोळा लिटर जागा लागते. दोन डब्यांत जवळजवळ दीड लिटरचा फरक पडतो, आणि सणासुदीच्या घरात तो लहान नाही.

यात आणखी एक बारकावा आहे. तेल तापले की फुगते. काही कंपन्या वेष्टनावर लिटरमधले माप छापताना त्याबरोबर तापमान छापत असत, आणि ते तापमान ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढवलेले असे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये याची दखल घेतली. त्या वेळी दिलेल्या आकड्यांनुसार एक लिटर सोयाबीन तेलाचे वजन २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम, ३० अंशांना ९१३ ग्रॅम, तर ६० अंशांना ८९३ ग्रॅमच्या जवळ येते. माप "६० अंशांचे एक लिटर" असे धरले, तर ग्राहकाच्या पिशवीत वीस-पंचवीस ग्रॅम तेल कमी जाते, आणि तरीही छापलेला मजकूर खोटा ठरत नाही. म्हणून तापमानाचा उल्लेख न करता लिटरबरोबर वजनही छापावे, अशी सूचना देण्यात आली आणि त्यासाठी जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत दिली गेली. माझे स्पष्ट मत आहे की तेल वजनावरच घ्यावे. लिटर उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात बदलतो, किलो बदलत नाही.

फळा_खडू

मी अनेक वर्षे विज्ञान शिकवतो. शेवंतीताईंच्या पहिल्या प्रश्नाचे मूळ मला आपल्या शब्दांत दिसते. घट्ट, घन पदार्थ, घनफळ आणि घनता हे शब्द कानाला एकाच कुळातले वाटतात, त्यामुळे जे दाट ते घन असा समज मुलांच्या मनात आपोआप बसतो. मध हा समज आणखी पक्का करतो, कारण तो दाटही असतो आणि पाण्याची घनता १ धरली तर त्याची १.४ च्या आसपास असते. वास्तविक घनता म्हणजे ठरावीक जागेत किती वस्तुमान मावले आहे हे सांगणारी संख्या, आणि ओतताना जाणवणारा दाटपणा, ज्याला पुस्तकी भाषेत विष्यंदिता म्हणतात, तो म्हणजे द्रवाच्या थरांनी एकमेकांवरून सरकायला केलेला विरोध. तेलाचे रेणू लांबलचक असल्यामुळे ते एकमेकांत अडकतात आणि सावकाश सरकतात. परंतु एका वाटीत त्यांचे वस्तुमान पाण्याहून कमीच मावते.

"हलके" आणि "जड" हे शब्दही जपून वापरावेत. एक लिटर तेल एका चमचाभर पाण्यापेक्षा कितीतरी जड आहे, आणि तरीही तो चमचाभर पाण्याचा थेंब त्या तेलाच्या तळाशीच जाणार. तुलना समान घनफळाची करायची असते, आणि बरणीतले पाणी-तेल ती स्वतःहून तशीच करतात : तेलाच्या थेंबाने जेवढे पाणी बाजूला सारले त्या पाण्याचे वजन थेंबाच्या वजनापेक्षा जास्त भरते, म्हणून प्लावक बल थेंबाला वर ढकलते. हेच आर्किमिडीजचे तत्त्व.

नातवाकडून घरीच मोजमाप करून घ्यावे. मापपात्राची गरज नाही. अरुंद तोंडाची एकच बाटली घ्यावी, ती कोरडी असताना तिचे वजन करावे, मग काठोकाठ पाणी भरून आणि शेवटी पूर्ण वाळवून काठोकाठ तेल भरून वजन करावे. तेलाच्या वस्तुमानाला पाण्याच्या वस्तुमानाने भागले की सापेक्ष घनता मिळते, आणि बाटलीचे घनफळ किती हे माहीत असण्याचीही आवश्यकता राहत नाही. बाटली वाळवण्याचा कंटाळा करू नये, कारण आत राहिलेले चमचाभर पाणी उत्तर बिघडवते.

शेवंती

सर, आपण सांगितल्याप्रमाणे काल रात्री केले. पोळ्यांच्या कणकेसाठी घेतलेला इलेक्ट्रॉनिक काटा वापरला. स्टीलची रिकामी बाटली १८६ ग्रॅम, पाण्यासह ६९२ ग्रॅम, तेलासह ६४७ ग्रॅम. म्हणजे पाणी ५०६ आणि तेल ४६१ ग्रॅम. भागाकार ०.९११ आला. डब्यावरचा आकडा स्वतःच्या ओट्यावर निघाला याचे समाधान शब्दांत सांगता येत नाही. नातवाने खोबरेल तेलही मोजले, त्याचे उत्तर ०.९२ च्या जवळ आले. एरंडेलाची लहान बाटली आहे, पण ती काठोकाठ भरण्याइतके तेल नाही.

वाफ

एरंडेल मोजले असतेत तर तुम्हाला आश्चर्य वाटले असते. त्याची घनता ०.९६ च्या आसपास आहे, म्हणजे शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, तीळ, मोहरी या सगळ्या ०.९१-०.९२ च्या मंडळींपासून ते बरेच पुढे आहे. मी सुगंधी तेलांच्या ऊर्ध्वपातनाचे, म्हणजे वाफेबरोबर तेल काढून ती वाफ थंड करण्याचे, काम करतो, तेव्हा "असे का" या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो.

तेलाचा रेणू वजनाने पाण्याच्या रेणूच्या सुमारे पन्नासपट असतो. पाण्याचा रेणू १८ एककांचा, तर खाद्यतेलातला रेणू ८८० च्या आसपास. मग जड रेणूंचा द्रव हलका कसा? कारण त्या रेणूने व्यापलेली जागा पन्नासपटीहूनही जास्त असते. पाण्याचा एक रेणू सुमारे ३० घन अँगस्ट्रॉम जागा घेतो (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग). तेलाचा रेणू प्रामुख्याने एक कार्बन आणि दोन हायड्रोजन अशा कड्यांची साखळी आहे; प्रत्येक कडीचे वस्तुमान १४ आणि तिला लागणारी जागा सुमारे २७ घन अँगस्ट्रॉम. जागा जवळजवळ तेवढीच, पण तिच्यात मावलेले वस्तुमान कमी. नुसत्या अशा कड्यांचा द्रव केला तर त्याची घनता ०.८६ च्या जवळपास येते, आणि अनेक केशतेलांत वापरले जाणारे खनिज तेल खरोखरच त्याच पट्ट्यात असते. खाद्यतेलात तीन साखळ्या जिथे जोडल्या जातात तिथे ऑक्सिजनचे सहा अणू असतात. ऑक्सिजनचा अणू जड, पण जागा फार खात नाही, त्यामुळे आकडा ०.९१ वर चढतो. एरंडेलाच्या बहुतेक साखळ्यांवर ऑक्सिजनचा आणखी एक अणू हायड्रोजनसह बसलेला असतो आणि त्याच्यामुळे हे रेणू एकमेकांना जवळ ओढतात, म्हणून ०.९६. पाण्याच्या रेणूत तर १८ पैकी १६ भाग ऑक्सिजनच आहे. ही ओळख पटली की तक्ता पाठ करावा लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : सगळीच तेले तरंगत नाहीत. लवंगेचे तेल पाण्यात बुडते, कारण त्याची घनता १.०४ ते १.०६ आहे. विंटरग्रीन तेल तर १.१८ च्या घरात आहे. निलगिरीचे तेल काढताना वाफेबरोबर आलेले तेल थंड झाल्यावर पात्रात पाण्याच्या वर गोळा होते आणि ते वरच्या नळीने काढून घेतात. लवंग लावली की मात्र तिचे तेल पाण्याखाली साठते आणि वरच्या नळीतून पाणी वाहून जाते. नवशिक्या माणसाला हे सांगितले नाही, तर तो तळातले सोने सोडून वरचे पाणी जपत बसतो. "तेल" हा शब्द घनता सांगत नाही.

निळाई

वाफ यांचा प्रतिसाद फार आवडला. तरंगणे आणि न मिसळणे यांबद्दल मी लिहिते, कारण या दोन गोष्टींची सांगड पाठ्यपुस्तकाबाहेर सर्रास घातली जाते आणि ती चूक आहे.

अल्कोहोलची घनता ०.७९ आहे, म्हणजे ते तेलापेक्षाही हलके, पण पाण्यात ते कोणत्याही प्रमाणात मिसळते. मध पाण्यापेक्षा जड असूनही ढवळला की विरघळतो. लवंगेचे तेल पाण्यापेक्षा जड आहे आणि तरीही पाण्याशी फटकून राहते. पाण्याचे रेणू ध्रुवीय आहेत, म्हणजे त्यांच्या एका बाजूला किंचित धन आणि दुसऱ्या बाजूला किंचित ऋण विद्युतभार असतो; ते एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात, आणि तेलाच्या साखळीकडे त्या बंधात सामील होण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. म्हणून ते वेगळे होतात. वेगळे झाल्यावर वर कोण आणि खाली कोण, एवढेच घनता ठरवते.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर पातळ सॅनिटायझरची बाटली घ्यावी. जेल चालणार नाही. त्यातले अल्कोहोल सुमारे ८० टक्के असले तर द्रवाची घनता ०.८६ च्या आसपास असते आणि त्यात टाकलेला सूर्यफूल तेलाचा थेंब सरळ तळाशी जातो. मग त्यात थोडे थोडे पाणी घालत जावे. चार भाग सॅनिटायझरला साधारण दीड भाग पाणी झाले की थेंब तळ सोडतो आणि मध्येच अधांतरी थांबतो. त्या क्षणी तो वाटोळा होतो, अगदी मोत्यासारखा, कारण त्याला ना वर ओढ उरते ना खाली, आणि पृष्ठताण त्याला गोल करतो. बेल्जियमचे जोसेफ प्लॅटो यांनी एकोणिसाव्या शतकात ऑलिव्ह तेल, पाणी आणि अल्कोहोल घेऊन हाच प्रयोग केला होता. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ पेल्यासमोरून उठलेच नाही. शेगडी, समई, निरांजन यांच्या जवळपास हा प्रयोग करू नये, कारण द्रव ज्वलनशील आहे.

अळूवडी

बर्फाचे काय? बर्फाची घनता ०.९१७ म्हणजे तेलाइतकीच. मी एकदा पेलाभर तेलात बर्फाचा खडा टाकला तर तो तरंगला. माझ्या भावाने टाकला तर तो बुडाला. दोघांपैकी कोण बरोबर, हे आजवर ठरलेले नाही.

फळा_खडू

दोघेही बरोबर असू शकता. फरक इतका बारीक आहे की निकाल तपशिलावर अवलंबून राहतो. फ्रीझरमधल्या पांढुरक्या बर्फात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, तो तरंगतो. काचेसारखा स्वच्छ खडा कोमट तेलात हळूहळू खाली जातो. पाहण्यासारखे यापुढचे आहे. खडा वितळू लागला की त्याच्या पोटाला पाण्याचा एक टपोरा थेंब लोंबू लागतो, तो सुटतो आणि तेलातून सावकाश तळाला जाऊन गोळीसारखा बसतो. तोच पदार्थ, बर्फ असताना तेलाच्या बरोबरीचा आणि पाणी होताच खाली.

इथे पाण्याचा वेगळेपणाही दिसतो. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात आणि त्यांचा गोठलेला भाग स्वतःच्याच द्रवात बुडतो. थंडीत खोबरेल तेलाची बाटली अर्धवट वितळली की सुटलेला पांढरा गठ्ठा तळाशी जातो. रवाळ तुपाच्या बरणीतही रवा खाली आणि पातळ तूप वर असते. पाणी मात्र गोठताना फुगते, म्हणून बर्फ पाण्यावर राहतो.

कढई

या धाग्यात एक गोष्ट लिहिलीच पाहिजे असे वाटते. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी तळणीच्या कढईने पेट घेतला आणि घाबरून घरातल्या एकाने तिच्यावर तांब्याभर पाणी ओतले. ज्वाळा छतापर्यंत गेली. हात भाजला, जीव वाचला. नंतर कारण समजून घेतले, ते असे : तळणीच्या तापमानाला, म्हणजे १८० अंशांच्या सुमारास, तेल फुगून त्याची घनता ०.८१ च्या जवळ आलेली असते, आणि पेटलेले तेल याहूनही बरेच तापलेले असते. ओतलेले पाणी आग झाकत नाही, ते तेलाखाली जाते. तिथे त्याची क्षणात वाफ होते, वाफेला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते, आणि ती वर येताना पेटते तेल थेंबाथेंबांनी हवेत उडवते. गॅस बंद करावा, कढईवर घट्ट बसणारे धातूचे झाकण ठेवावे आणि कढई जागची हलवू नये. शाळेत "तेल पाण्यावर तरंगते" हे वाक्य शिकवतानाच हेही शिकवले जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रेवस_धक्का

खाद्यतेल नाही, पण विषय हाच आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली आणि शेकडो टन इंधनतेल समुद्रात गेले. आमच्या बाजूच्या खाडीत भरतीबरोबर तो काळा तवंग आत आला आणि ओहोटीला तिवरांच्या मुळांवर बसून राहिला. जहाजांच्या जड इंधनतेलाची घनता ०.९५ ते ०.९९ इतकी असू शकते, म्हणजे गोड्या पाण्यावर ते जेमतेम तरंगेल. समुद्राच्या पाण्याची घनता मिठामुळे १.०२५ असल्याने ते वर राहते, आणि वर राहते म्हणूनच तरंगत्या अडसरांनी त्याला अडवून उपसणे शक्य होते. परंतु दिवस जातात तसा त्यातला उडून जाणारा हलका भाग हवेत जातो, उरलेल्यात पाणी आणि वाळू मिसळते, आणि तेल जड होत जाते. पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या किनाऱ्यांवर दरवर्षी जे डांबरगोळे येऊन पडतात, ते अशा म्हाताऱ्या झालेल्या तेलाचेच असतात. वाळूत बुडालेले तेल कोणत्याही अडसराने अडत नाही.

वाफ

रेवस_धक्का यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्यात एवढीच भर घालतो की तेलाचे थेंब किती बारीक आहेत यावरही सगळे अवलंबून असते. थेंबाचा व्यास दहापट कमी झाला की त्याचा वर येण्याचा वेग शंभरपट कमी होतो. लाटांनी घुसळलेले तेल म्हणूनच पाण्यात दीर्घकाळ लटकून राहते. दुधातही हेच दिसते : कच्चे दूध रात्रभर ठेवले की स्निग्धांश वर येतो, कारण त्याची घनता ०.९३ च्या आसपास आणि दुधाची १.०३, पण यंत्राने गोळिका बारीक केलेल्या दुधात त्या वर यायला फार काळ लागतो, जरी घनतेतला फरक तोच असला तरी.

शेवंती

सर्वांचे मनापासून आभार. आज नातवाने औषधाच्या दुकानातून लवंग तेलाची लहान बाटली आणली. काचेच्या पेल्यात पाणी घेतले, वर एक थेंब शेंगदाणा तेल सोडले, ते पसरून तिथेच राहिले. मग ड्रॉपरचे टोक पाण्यात बुडवून लवंग तेलाचा थेंब सोडला. तो क्षणभर टोकाला लटकला आणि डुलत डुलत तळाला गेला. एकाच पेल्यात वर एक तेल, मध्ये पाणी आणि खाली दुसरे तेल असे चित्र मी या वयात पहिल्यांदा पाहिले. माझ्या सासूबाई काचेच्या पेल्यात खाली पाणी आणि वर बोटभर तेल घालून देवापुढे वात लावत असत. तेल संपले की वात पाण्याला टेकून आपोआप विझायची. आज रात्री तसाच दिवा लावणार आहे.

दुकानातही जाऊन आले. तिथे दोन प्रकारचे डबे शेजारी शेजारी होते, एक पंधरा लिटरचा आणि एक पंधरा किलोचा, आणि दोन्हींना तिथला मुलगा पंधराचा डबाच म्हणत होता. मी त्याला हिशेब मांडून दाखवला की दोन्ही डब्यांची किंमत समजा २,४०० रुपये असेल, तर किलोच्या डब्यात तेल १६० रुपये किलो पडते आणि लिटरच्या डब्यात जवळजवळ १७६ रुपये. त्याने तो कागद ठेवून घेतला. पुढच्या गिऱ्हाइकाने "पंधराचा द्या" म्हटल्यावर त्याने विचारले, "किलोचा की लिटरचा?"